ट्रेमध्ये होतं ते

सुमे,

तुझ्या तेराव्याला सगळे खोटं बोलत होते.

मुलुंडच्या तुझ्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती आणि तुझ्या सासूबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "आमच्या सुमतीनं कधी वर मान करून उत्तर दिलं नाही हो." तुझी माई अंधेरीहून आली होती. ती म्हणाली, "लहानपणापासून तशीच. गरीब गाय नुसती." शेजारच्या कुणी बाई म्हणाल्या, अशी सोशिक माणसंच देव लवकर नेतो. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मला वाटत होतं, आता तू आतल्या खोलीतून येशील, कमरेवर हात ठेवशील आणि म्हणशील, "इंदे, या कुणाबद्दल बोलतायत गं?"

गरीब गाय! दोन वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये तुझ्या कोपराला कोपर लावून उभी होते मी. गाय असलीस तर मारकी होतीस. तू मत्सरी होतीस, तिरसट होतीस, पेन्सिलीचा तुकडासुद्धा कुणाला द्यायची नाहीस, आणि चूक झाली तर ती आधी टेबलाची, मग पेन्सिलीची, मग माझी असायची. तेरा दिवसांत या लोकांनी तुझं एक छान चित्र काढून भिंतीला लावलं आणि त्यात तू कुठेच नाहीस.

आपले डेमॉन्स्ट्रेटर काणे सर, बारा महिने सर्दी झालेले, टेबलांमधून फिरताना नाक पुसत काय म्हणायचे ते आठवतं ना? "ट्रेमध्ये आहे ते काढा. डोक्यात आहे ते घरी काढा." मी आज तेच करणार आहे. तुझं खरं चित्र काढायचं तर शेजारी माझंही काढावं लागणार, कारण मी तुझ्यावर दोनदा हसले, सुमे. दोन्ही वेळा तू माझ्याकडे काहीतरी मागत होतीस. ते कुणालातरी सांगायला हवं, आणि तू सोडून मला ते दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

आपण दोघी अंधेरीच्या, पण स्टेशनच्या दोन बाजूंच्या. तुमचा व्हरांड्याचा ब्लॉक, अण्णा बँकेत हेडक्लार्क. आमच्या पूर्वेकडे दोन खोल्या, मागे भातखाचरं, आणि बाबा परळच्या गिरणीतून नुकतेच बाहेर पडून एका कारखान्यात लागलेले. इंटर सायन्सला बायॉलॉजी घेतलेल्या मुली चारच होत्या, म्हणून सरांनी आपल्याला एका टेबलावर ढकललं. पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "तुला कशाला पाहिजे बायॉलॉजी?" मी म्हटलं, "डॉक्टर व्हायचंय." तू मला आपादमस्तक पाहिलंस आणि म्हणालीस, "मलाही." जणू एकाच खुर्चीवर आपण दोघी बसायला निघालो होतो.

तुझ्या अण्णांची अट तू मला त्याच आठवड्यात सांगितली होतीस. एकाच प्रयत्नात फर्स्ट क्लास. नाही मिळाला तर शिक्षण बंद, स्थळं बघायला सुरुवात. तू हे रडत सांगितलं नाहीस, मिरवत सांगितलंस. "म्हणजे ठरलंच की," म्हणालीस. तुला फर्स्ट क्लास मिळणार नाही ही गोष्ट तुझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती.

मग बेडूक आला. क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक मेणाच्या ट्रेमध्ये उताणा ठेवून चारी पाय टाचण्यांनी टोचायचे होते. तू टाचणी घेतलीस आणि डोळे मिटून घेतलेस. मी तुझ्या हातातून ती काढून घेतली. आठव्या वर्षापासून मी आईबरोबर विळीवर बांगडे साफ करत आले होते, मला बेडकाचं काय? कातडी उचलली, मधोमध कापली, दोन्हीकडे पसरली. तू एक डोळा उघडून बघत होतीस. मग मी चित्र काढायला घेतलं आणि तू दोन्ही डोळे उघडलेस. "हा बेडूक आहे की पाय फुटलेला भोपळा?" असं म्हणून तू माझं जर्नल ओढलंस. तुझ्या दारातली रांगोळी बघायला रस्त्यानं जाणारे थांबायचे, ते मी पुढे पाहिलं. त्या दिवशी फक्त पेन्सिल पाहिली. एकदा टेकली ती बेडूक पुरा करूनच उठली, रबर लागला नाही.

तिथेच आपला सौदा झाला. तुझे बेडूक मी कापायचे, माझी चित्रं तू काढायचीस. सर पाठमोरे झाले की ट्रे इकडे, जर्नल तिकडे. बेडूक, झुरळ, गांडूळ, सूर्यफुलाच्या देठाचे पातळ काप, सगळं असंच पार पडलं. इंटरची दोन वर्षं आपण अर्धं अर्धं बायॉलॉजी शिकलो आणि दोघींनाही वाटत राहिलं की आपल्याला पुरं येतं. आपल्या दोघींची मिळून एक झकास विद्यार्थिनी झाली असती.

आता तुझा लबाडपणा. पहिलं जर्नल तपासून परत आलं तेव्हा माझ्या प्रत्येक बेडकाच्या पुढच्या पायाभोवती सरांनी लाल पेन्सिलीनं गोल केला होता. बेडकाच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात. माझ्या सगळ्या बेडकांना तीन होती. तुझ्या जर्नलमध्ये सगळ्यांना चार.

"घाईत राहिलं असेल," तू म्हणालीस.

"प्रत्येक वेळी?"

"इंदे, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात."

मी पुढच्या प्रॅक्टिकलला तुझ्या बेडकाचं आतडं मुद्दाम फाडलं. तुझे मार्क कापले गेले. तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस आणि नवव्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात माझं जर्नल ओढून झुरळाचं तोंड काढायला बसलीस. मिशा दोन्ही होत्या. तेवढ्यावर आपला समेट झाला.

तुझ्या घरी मी अभ्यासाला यायचे तेव्हा माई बायॉलॉजीचं जर्नल घरात नेऊ द्यायची नाही. मेलेल्या जनावरांची चित्रं, ती व्हरांड्यातल्या खोक्यात. प्रॅक्टिकलहून आलीस की मागच्या दारानं जाऊन तू आधी आंघोळ करायचीस. मीही व्हरांड्यातच बसायचे आणि माझा चहा तिथेच यायचा, वेगळ्या कपातून. मला कळत होतं. मी मासळी खाणाऱ्यांची, पूर्वेकडची. जर्नलला आणि मला एकच नियम होता. एक दिवस तू तुझा कप घेऊन बाहेर आलीस आणि माझ्याशेजारी बसून प्यायलीस. त्यानंतर तू आत बसून चहा प्यायल्याचं मी कधी पाहिलं नाही. माई चिडली असणार, बोलणी बसली असणार. तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून जायचं, तेवढा वेळ आपण पाठांतर थांबवायचो आणि पुन्हा सुरू करायचो. तो व्हरांडा मला कुणी परत दिला तर मी आजही तिथे वेगळ्या कपातून चहा पिईन.

ओव्हरी, टेस्टिस हे शब्द आपण तिथे इतक्या मोठ्यानं घोकायचो की रस्त्यावर ऐकू जायचं. मराठीत ते शब्द उच्चारायची आपली हिंमत झाली नसती. इंग्रजीत लाज वाटत नसे.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवस मी तुला आमच्याकडे बोलावलं. विहिरीजवळच्या डबक्यातून दोन बेडूक पकडून ठेवले होते. परीक्षेत ट्रे सरकवता येणार नव्हते, तुला स्वतःच्या हातानं कापावं लागणार होतं. मोरीत फळी टाकून मी सगळं मांडून दिलं. तू कात्री धरून उभी. आई पलीकडे मासळी कापत होती. ती म्हणाली, "हात लाव गो बाय, चावचो नाय तो."

तू कातडीला जरासा छेद दिलास, थोडं रक्त आलं, आणि कात्री खाली ठेवलीस. "परीक्षेत कापेन. बघितलंय मी सगळं."

"बघून येत नाही सुमे, बोटांना कळावं लागतं."

तेव्हा तू म्हणालीस, माझ्या आईसमोर, तिच्या विळीकडे बघत, "मासळी कापणाऱ्या बोटांना कळतंच गं. पण डॉक्टर व्हायला डोकं लागतं, इंदे. हात काय, नर्सलाही असतो."

आईनं मासा धुतला, पाणी ओतलं. तू हात साबणानं तीनदा धुऊन गेलीस. ते वाक्य मी परीक्षेपर्यंत जपून ठेवलं, लोणच्यासारखं. रोज थोडं मुरत गेलं.

परीक्षेला माझं टेबल तुझ्या डाव्या हाताला होतं. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक होते, सूट घातलेले, आवाज इतका गोड की ऐकत राहावं. प्रश्न आला: बेडकाची मूत्र आणि प्रजनन संस्था उघडून दाखवा, आकृती काढा, नावं लिहा. बेडूक नर आहे की मादी ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ते उघडून बघायचं असतं.

मी कापून घेतलं आणि मग तुझ्या ट्रेकडे बघितलं. तुझ्या ट्रेमधलं पाणी लाल झालं होतं, एक शीर तुटली होती. पण मूत्रपिंडाला चिकटलेले तुरीच्या दाण्यासारखे दोन पिवळे गोळे मला माझ्या जागेवरून स्वच्छ दिसले. नर होता. तुझ्या कागदावर मादी होती. दोन्ही बाजूंना भरदार ओव्हरी, वेटोळी घेतलेल्या नळ्या, वर्गाला सर उदाहरण म्हणून दाखवायचे ते जर्नलमधलं तुझं सगळ्यात देखणं चित्र, तू जसंच्या तसं उतरवत होतीस. रक्ताकडे बघवत नव्हतं म्हणून तू ट्रेकडे पाहिलंच नव्हतंस. डोक्यात होतं ते काढत होतीस.

परीक्षक हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. माझ्याकडे अर्धा तास होता. तुला फक्त एक शब्द सांगायचा होता. नर. एवढंच पुटपुटले असते तर तू कागद उलटा करून पाच मिनिटांत नवं चित्र काढलं असतंस. मी पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक काढून झालं तरी काढत राहिले.

ते आले. तुझं चित्र उचलून त्यांनी लांब धरून पाहिलं. "सुरेख. फारच सुरेख. आता ही ओव्हरी मला ट्रेमध्ये दाखवा बरं, मिस."

तू सुई उचललीस. ट्रेकडे पहिल्यांदा नीट पाहिलंस. सुई फिरत राहिली आणि मग एका पिवळ्या झुबक्यावर टेकली.

"ही चरबी," ते म्हणाले.

तेव्हा तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस सुमे, बेडूक कापून घ्यायचीस तेसुद्धा मेहेरबानी केल्यासारखी. त्या क्षणी तू मागत होतीस.

परीक्षक म्हणाले, "कागदावर सून आणि ट्रेमध्ये जावई. लग्न लावायचा विचार आहे का, मिस?"

आणि मी हसले. आधी मी. मग हॉल हसला. मी हसले नसते तर ते कदाचित पुढच्या टेबलाकडे गेले असते आणि गोष्ट तिथेच राहिली असती. तुझे कान लाल झाले. तू सुई पुसलीस, चिमटा पुसला, कात्री पुसली, डब्यात ज्याच्या त्याच्या जागी ठेवलीस आणि झाकण लावलंस. तुझं कौतुक करायचं म्हणून हे लिहीत नाही. ते आवरताना तुझे हात जराही थरथरत नव्हते, ते मी पाहिलं. कापायला तुला तेच हात पुरले असते.

मला फर्स्ट क्लास मिळाला. माझा भोपळा भोपळाच होता, पण ट्रेमधला होता. जर्नलचे मार्क तुझ्या चित्रांवर मिळाले. तीन बोटांच्या बेडकांवर बसून मी मेडिकलला गेले आणि तुझा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. तरी अण्णा विरघळले असते, माई सांगत होती. पण कुणाच्यातरी मुलानं सून-जावयाचा किस्सा घरी सांगितला आणि तो बँकेत अण्णांच्या टेबलापर्यंत पोचला. "एकदा हसं झालं तेवढं पुरे," अण्णा म्हणाले. आधी कोण हसलं ते तू त्यांना सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर माईनं मला व्हरांड्याचीही पायरी चढू दिली नसती.

तुला मुलुंडला दिलं. नवरा सरकारी कचेरीत, सरळ माणूस, तुझ्यापुढे जरा दबूनच असायचा. मेडिकलच्या पहिल्या वर्षी तू निरोप पाठवून माझं ॲनाटमीचं जर्नल मागवून घेतलंस आणि हाताच्या पंजाची सगळी हाडं काढून परत पाठवलंस. मी मोजली. करंगळीचं एक हाड कमी होतं. मी हॉस्टेलच्या खाटेवर बसून हसले आणि मग रडले, कारण याचा अर्थ तू अजून माझीच होतीस. हे हसणं मी त्या दोनांत धरलेलं नाही.

दुसरं हसणं तुझ्या डोहाळजेवणाचं.

सातवा महिना. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, पाटावर बसलेली तू. चेहरा भरला होता. सगळ्या म्हणत होत्या, काय तेज आलंय. मीही म्हटलं. मग सासूबाईंनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी. बायका ओरडायला लागल्या, उघड, उघड. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "न बघता सांग. तुला सवय आहे."

तुझा हात एक क्षण वाटीवर थांबला. मग तू जरा जास्तच मोठ्यानं हसलीस आणि बर्फी उघडलीस. सासूबाई तोंड एवढंसं करून म्हणाल्या, "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी."

थोड्या वेळानं तू मला आतल्या खोलीत नेलंस आणि दार लोटलंस. मला वाटलं साडी सोडायला मदत हवी असेल.

"इंदे, एक विचारू? खरं सांग. तुला तेव्हा दिसलं होतं ना, नर आहे ते?"

"नाही गं," मी म्हटलं. "माझं लक्षच नव्हतं."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं." एवढंच. मी तेव्हा हो म्हणाले असते तर तू मला चार शिव्या हासडल्या असत्यास, एखादी थोबाडीतही दिली असतीस, आणि आपण दोघी मोकळ्या झालो असतो. तू त्यासाठीच विचारत होतीस, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त राग आला आणि त्या खोलीतून कधी एकदा बाहेर पडते असं झालं.

तू खाटेवर बसलीस आणि साडीचा काठ वर केलास. "हे बघ ना जरा. जोडवी निघत नाहीत. बांगड्या पण रुतल्यात. डोकं सारखं ठणकतं, आणि मधेच डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

मी तुझ्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. बोट काढलं तरी तो तसाच राहिला.

"बघ, ठसा उमटला तुझा," तू म्हणालीस.

मी हसले. म्हटलं, "सासरचं पाणी चांगलंच अंगी लागलंय तुला. आणि काजव्यांचं काय घेऊन बसलीस, लग्न झालं की सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे चमकतात."

तूही हसलीस. पण साडी खाली केली नाहीस. "तरी पण, असं असतं ना गं? सासूबाई म्हणतात असतं. तू सांग. तू डॉक्टर."

मी कसली डॉक्टर? दुसऱ्या वर्षाची पोरगी. तोवर मी फक्त मेलेली माणसं कापली होती. बाळंतपणाचं पुस्तक मी अजून हातातही धरलं नव्हतं. माहीत नाही, म्हणता आलं असतं. आमच्या मॅडमना विचारून सांगते, म्हणता आलं असतं. पण तू मला डॉक्टर म्हणालीस, तू, आणि तो शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. मोरीत फळीवर ठेवलेला बेडूक, विळीवरची आई, सगळं मला त्या क्षणी आठवलं. मी घसा साफ केला आणि डॉक्टरीणबाईच्या आवाजात म्हणाले, "असतं गं. होतं असं."

तुझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंवर तुझा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. तू साडी खाली केलीस आणि आपण बाहेर येऊन बर्फी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात तुला माहेरी न्यायचं ठरलं होतं. त्याआधीच, सकाळी चहा टाकताना तू पडलीस. तुझ्या नवऱ्यानं तेराव्याला मला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचं डोकं मुंडण केलेलं. "झटके यायला लागले. एक थांबला की दुसरा. दवाखान्यात नेलं तेव्हा श्वास होता." दुपारपर्यंत तू गेलीस आणि पोटातलं गेलं. ती मुलगी होती, त्यानं सांगितलं. दुसऱ्या कुणी तिचा उल्लेखही केला नाही. बर्फीच होती, सुमे. न बघता बरोबर सांगितलंस.

मला तो विचारत होता, "तुम्ही शिकताय म्हणून विचारतो, हे असं अचानक होतं का हो?" त्यालाही मी म्हणाले, होतं. तिसऱ्यांदा खोटं. जिभेला आता सवयच झाली आहे.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तुझं ते नर्सचं वाक्य आई विसरली नव्हती, पण तुला चकल्या आवडतात म्हणून दर दिवाळीला तुझ्या वाटच्या बाजूला काढायची. निवडलेली जुडी तिनं बाजूला ठेवली. मग मला म्हणाली, "पाय सुजले होते म्हणतंस ना? तू डाक्टर होतंस मा गो? मगे तुका कसा दिसाक नाय?"

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन ते पुस्तक काढलं. पान शोधायला वेळ लागला नाही. पायावर सूज, बोट दाबल्यावर राहणारा खड्डा, चेहरा भरलेला दिसणं, हातातले दागिने घट्ट होणं, डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या, आणि मग झटके. ज्यानं ते लिहिलं तो जसा काही तुझ्या खाटेशेजारी उभा राहून लिहीत होता. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या मॅडमना मी विचारलं, आधी आणली असती तर वाचली असती का? त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही. कधी कधी वाचतात." त्यांना वाटलं मी अभ्यासाचं विचारतेय. मला त्यांनी स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. 'कधी कधी' घेऊन मी आता आयुष्यभर काय करू?

आपला एक वाद राहूनच गेला. माझ्या जागी तू असतीस आणि माझा बेडूक चुकत असता, तर तू मला सांगितलं असतंस का? मला वाटतं, नसतंस. तू मनातल्या मनात खूश होऊन आपलं चित्र काढत बसली असतीस. पण तू हसली नसतीस. आणि तुझ्यासमोर मी पाय उघडून बसले असते, तर तू मला टोमणे मारत मारत, माझ्या अडाणीपणाचा उद्धार करत, त्याच दुपारी दवाखान्यात ओढून नेलं असतंस. तुला गरीब गाय म्हणतात म्हणून मला राग येतो तो यासाठी. गरीब मी निघाले. तू मारकी होतीस, पण तुझ्या शेजारचं माणूस मेलं नसतं.

मला तुझा फार राग येतो. तू मला डॉक्टर का म्हणालीस? सगळं आयुष्य मला नर्स म्हणत राहिली असतीस तर चाललं असतं. आणि मला तुझी फार आठवण येते, इतकी की काल प्रॅक्टिकलला माझं जर्नल मी सवयीनं उजवीकडे सरकवलं. तिथे दुसरीच मुलगी होती. तिनं ते परत माझ्याकडे सरकवलं.

आज दुपारी हॉस्टेलच्या खिडकीशी बसून मी जर्नलच्या कोऱ्या पानावर तुझा पाय काढला. एचबी पेन्सिल, शेडिंग नाही, सरांनी सांगितलं होतं तसं. तीनदा खोडला. घोट्याजवळची सूज जमली नाही, भोपळ्यासारखी आली. रुतलेलं जोडवं काढलं. नडगीवर माझ्या बोटाचा खड्डा काढला, तो मात्र बरोबर आला. डोक्यातलं काही काढलं नाही.

बोटं मोजून पाच काढली आहेत, सुमे. एकही कमी नाही.